कावड आणि वीट

दिल्लीहून निघालेला अठ्ठेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गुरुग्राम ओलांडून, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याने मानेसरला येतो आणि तेथून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे असे करीत सातारा, कराड, कोल्हापूरवरून दक्षिणेस उतरतो. मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत होंडाचा दुचाकींचा कारखाना २००१ साली सुरू झाला, मारुतीचा २००७ साली, आणि त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग पुरविणाऱ्यांची रांग लागली. या कारखान्यांत पिंपरी, चाकण, नाशिक येथे हात बसलेले मराठी अभियंते, पर्यवेक्षक आणि टूलरूममधले कारागीर आपापले संसार घेऊन येऊन राहिले. त्या वेळी जे तिशीच्या आतबाहेर होते ते आता पन्नाशीला टेकले आहेत आणि त्यांचे आईवडील पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात पोहोचले आहेत. मुलाच्या कारखान्याच्या फाटकासमोरून जाणारा रस्ता आणि आईच्या गावाला वळसा घालून जाणारा रस्ता, दोन्ही एकच; पण रात्री दोन वाजता शेजाऱ्यांचा फोन येतो तेव्हा त्या एकाच रस्त्याची लांबी दीड हजार किलोमीटरहून अधिक असते.

अशा मुलांविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतांशी शीलाची चर्चा असते. मुलगा कर्तव्यदक्ष की स्वार्थी, सून सोशिक की तुटक, घरातले संस्कार टिकले की बुडाले, याच मापांनी सारे मोजले जाते आणि एखाद्या वृद्धाला आश्रमात ‘ठेवले’ असे न म्हणता ‘टाकले’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि थोड्याच वर्षांत जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना वार्धक्याकडे पाहण्याची दृष्टी या नाटकांनी दिली, हे त्यांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि एकात मुले कृतघ्न होती आणि दुसऱ्यात ती दूर गेलेली होती; दोहोंतही म्हाताऱ्यांचे दुःख रंगमंचाच्या मध्यभागी उजेडात होते आणि मुलांचा दिवस कसा जातो हे पडद्याआड राहिले. नाटकाला ते दाखविण्याचे प्रयोजन नव्हते. पण समाजाने आपला सारा विचार त्या दोन-अडीच तासांवर आधारावा, हेही योग्य नव्हते.

माझे म्हणणे असे की, वृद्ध आईवडिलांच्या सांभाळाचा प्रश्न आपण भलत्याच कचेरीत दाखल केला आहे. सदसद्विवेकाच्या कचेरीत तो वर्षानुवर्षे पडून आहे आणि तेथे त्याचा फैसला लागण्याची चिन्हे नाहीत, कारण बहुसंख्य प्रतिवादी आपला अपराध आगाऊ कबूल करूनच तेथे उभे असतात. तो हजेरीपटाच्या, रजेच्या अर्जाच्या आणि पगारपत्रकाच्या कचेरीत वर्ग व्हावयास हवा.

सेवा हा शब्द उच्चारताच आपल्या मनासमोर भाव उभा राहतो, काम उभे राहत नाही; म्हणून ते काम एकदा जवळून पाहिले पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेल्या आणि खुब्याचे हाड मोडल्यावर पुरते चालू न शकणाऱ्या एका वृद्धेचा दिवस घ्या. पहाटे अंथरूण ओले आहे का पाहणे, चादर ओढून काढताना तिला कुशीवर वळविणे, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून दर काही तासांनी पुन्हा वळविणे. कवळी धुऊन बसविणे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, रक्तदाबाची न्याहारीनंतर, झोपेची रात्री, आणि तिने गोळी गिळली की गालात धरून ठेवली हे पाहणे. भात मऊ करून भरविणे, घास घशात अडकतो म्हणून घाई न करणे. आणि दुपारी चारच्या सुमारास ती स्वतःच्याच घरात पिशवी भरून दाराशी येते आणि “मला घरी सोड, आई वाट बघत असेल” म्हणते, तेव्हा तिची आई जाऊन पन्नास वर्षे झाली हे तिला पुन्हा न सांगता, “चहा घेऊन निघू” असे म्हणून तिला आत वळविणे. यातले एकही काम पैसे पाठवून होत नाही, फोनवरून होत नाही आणि प्रेमानेही होत नाही. प्रेम असले तर ते काम नीट होते एवढेच. त्याला माणसाचे तास लागतात, आणि ते सलग लागतात.

पूर्वी हे तास कोणी दिले? ज्याला आपण संस्कार म्हणत आलो तो पुष्कळ अंशी सुनेचा दिवस होता. मुलगा मातृभक्त म्हणून गावात मिरवे आणि सासूचे लुगडे सून धूत असे. त्या धुण्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. शिवाय ते वार्धक्यही निराळे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात जन्मणाऱ्याचे अपेक्षित आयुर्मान पस्तिशीच्याही आत होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. बालमृत्यूंमुळे जुना आकडा खाली ओढला गेला होता हे खरे, पण जे म्हातारे होत तेही दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहण्याइतके जगत नसत, न्यूमोनिया किंवा मोडलेले हाड त्यांना लवकर घेऊन जाई. आणि पाळीपाळीने पाहायला चार-पाच भावंडे असत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला एकूण जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका भरला. म्हणजे पुढल्या पिढीत पुष्कळ घरांत ‘यंदा आई तुझ्याकडे, पुढल्या वर्षी माझ्याकडे’ असे म्हणायला दुसरे माणूसच उरणार नाही. २०११ च्या जनगणनेत साठीवरची माणसे देशात ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात जवळजवळ दहा. त्यांच्यापैकी किती जणांची स्मृती ढळली असेल, याचा एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला: ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, शहरापेक्षा खेड्यांत अधिक. अर्थात जेथून मुले नोकरीसाठी निघून जातात, तेथेच हे दुखणे अधिक.

मानेसरच्या नैनवाल वळणावर राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लुटाथायोन या द्रव्याचे प्रमाण कसे घटते, यावर तेथे महत्त्वाचे काम झाले आहे. ते संशोधन आपल्या गतीने चालेल आणि चालावे. पण उद्या औषध सापडले तरी ते दिवसातून दोनदा कोणी द्यायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमाने हिंदू मुलामुलींवर वृद्ध आईबापांच्या निर्वाहाचा भार घातला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाने तो सर्वधर्मीयांना लागू केला. आणि १९८७ साली, कल्याणला वैद्यकी करणाऱ्या एका विवाहित कन्येविरुद्ध तिच्या पित्याने केलेल्या अर्जावरून, हे बंधन विवाहित मुलीवरही आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियमाने प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचे न्यायाधिकरण नेमले, वकिलांना तेथे मज्जाव केला, नव्वद दिवसांत निकाल देण्याची मुदत घातली, निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठरविली आणि आईबापांना सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ही मर्यादा काढण्याचे आणि सुना-जावयांनाही या जबाबदारीत ओढण्याचे विधेयक २०१९ साली मांडले गेले, ते संमत झाले नाही. आसामने २०१७ साली आईबापांना न पाहणाऱ्या सरकारी नोकरांच्या पगारातून दहा टक्के कापण्याचा कायदा केला. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तीस टक्क्यांचा ठराव केला, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी टाळ्या वाजविल्या.

मीही त्या ठरावाच्या विरुद्ध नाही. ज्या मुलाने बक्षीसपत्र लिहून घेतल्यावर बापाला ओसरीवर काढले त्याच्या पगारावर जप्ती यावी, आणि तसे दस्त २००७ च्या अधिनियमाच्या तेविसाव्या कलमाखाली रद्दही व्हावेत. हरियाणातल्याच एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, सांभाळाची अट त्या हस्तांतरणात होती हे सिद्ध झाल्याखेरीज ते रद्द होणार नाही, असे बजावले. तेव्हा जमिनीचा मोबदला घेऊन मुलांच्या नावे मिळकत करणाऱ्या मानेसर-कासनच्या ज्येष्ठांनी, आणि तसेच मुळशी-मावळच्याही, दस्तात अट स्पष्ट लिहून घेतलेली बरी. परंतु हे सारे कायदे ज्या मुलाची कल्पना करतात तो द्रव्य असून न देणारा मुलगा आहे. मानेसरचा आपला अभियंता द्रव्य देतोच आहे. त्याच्यापाशी जे नाही ते त्याच्याकडून कोणतेही न्यायाधिकरण मागत नाही आणि त्याला कोणी देतही नाही.

अधिकाराचीही तीच गत. आईची स्मृती शाबूत असताना तिने मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले तर आपण निर्धास्त होतो. पण करार अधिनियमाच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही की मुखत्यारी संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम पालक नेमण्याची सोय करतो, पण स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठीच. स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. मग मुलाने उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा, वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि तोवर आईच्या मुदतठेवीतून तिच्याच शुश्रूषेचा खर्च करता येऊ नये. दर वर्षी नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून फोनवरही देता येतो, ही एक सोय खरोखर झाली आहे. आई जिवंत आहे हे सरकारला पटविणे आता सोपे झाले, ती कशी जगते हे पाहणे मात्र जिथल्या तिथेच राहिले.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ मानेसरला गुणवत्ता-विभागात काम करतात. शॉपफ्लोअरवर फोन नेण्यास मनाई असल्यामुळे पाळी सुरू होताना तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. गावाकडच्या घरात त्यांनी स्वयंपाकघरात आणि आईच्या खोलीत कॅमेरे बसविले आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते लॉकर उघडतात, डब्याआधी फोन काढतात आणि मागे सरकवून सरकवून गेल्या चार तासांचे चित्रण पाहतात: आई उठली, भिंतीला धरून चालली, ओट्याशी उभी राहिली, गॅसचे बटण हातात धरून बराच वेळ तशीच थांबली आणि मग काही न करता परत गेली. जेवण तसेच राहते. त्यांना मी कधी कठोर किंवा उदासीन पाहिलेले नाही. ‘सुट्टी मिळत नाही’ या त्यांच्या वाक्याला गावातले लोक सबब समजतात, तेवढे एकच त्यांना लागते.

“मग आईला तिकडेच का नेत नाही?” असा प्रश्न येथे येतोच. हा श्रावणाचा मार्ग. मातापित्यांना कावडीत घालून आपण जाऊ तेथे न्यायचे, हे चित्र आपल्या मनावर इतके बिंबले आहे की महाराष्ट्र शासनाने निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाही श्रावणबाळाचेच नाव दिले. (दरमहा १,५०० रुपये, वय पासष्ट, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत; या अटीत जे बसतात त्यांची मुले कावड कशाची करणार, हा प्रश्न नाव ठेवणाऱ्यांना सुचला नसावा.) कथेतला श्रावण नोकरीत नव्हता, आणि त्याच्या मातापित्यांना तीर्थयात्रेला जायचे होते. मानेसरला यायचे आईच्या मनात कधीच नव्हते.

ती येते. नव्या गुरुग्रामच्या बाजूला बाराव्या मजल्यावर तिची खोली असते, खाली राखलेली हिरवळ असते, आणि हिवाळ्यात धुरकट हवेमुळे डॉक्टर तिला खाली उतरू नको म्हणतात. सून नोकरीवर, नातवंडे शाळेत, कामाला येणारी बाई बंगाली. हिंदी ती दूरदर्शनवरची समजते, पण लिफ्टमध्ये भेटणाऱ्या हरियाणवी आजीचे बोलणे तिच्या डोक्यावरून जाते. जुन्या मानेसर गावात म्हातारे लोक खाटा टाकून हुक्क्याभोवती पत्ते खेळत बसतात. त्यांना आपली जागा आहे, देवीलाल यांनी १९८७ साली शंभर रुपयांपासून सुरू केलेले आणि २०२४ पर्यंत तीन हजारांवर पोहोचलेले वार्धक्य-वेतनही आहे. आपल्या आईला त्या खाटेवर जागा नाही, आणि या राज्याचा अधिवास नसल्यामुळे त्या वेतनावर हक्कही नाही. सत्तरीवरच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे रुग्णालयीन संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले, ते मात्र राज्याच्या सीमेपाशी अडत नाही. पण तिला रुग्णालयाची गरज वर्षातून एखाद्या वेळी, आणि बोलायला माणसाची गरज रोज. महिनाभराने ती म्हणते, “मला इथं करमत नाही रे. माझं घर बंद पडलंय.” आपण समजूत घालतो, वस्तुतः ती बरोबर असते. सत्तर वर्षांत बांधलेले तिचे जग, दारातली तुळस, भाजीवाली, पोस्टमन, एकादशीचे कीर्तन आणि कोणाच्या सुनेला दिवस गेले याची वार्ता, कोणत्याही कावडीत मावत नाही. स्मृती ढळू लागलेल्या माणसाला तर ओळखीची भिंतच पुष्कळदा स्मृतीचे काम करते. ती काढून घेतली की महिन्यांचा ऱ्हास आठवड्यांत होतो, हे अनेक कुटुंबांनी पाहिलेले आहे.

मराठी परंपरेत दुसराही एक मार्ग आहे, आणि आपल्या दैवतांच्या कथांत तो मला अधिक धाडसाचा वाटतो. पुंडलिक आईबापांना घेऊन कोठे गेला नाही. ते जेथे होते तेथे त्यांचे पाय चेपीत बसला. प्रत्यक्ष देव दारी आला तेव्हा त्याने काम सोडले नाही, क्षमाही मागितली नाही. वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. या कथेचा आजवर आपण पुंडलिकाच्या बाजूनेच विचार केला, त्याच्या भक्तीचे आख्यान लावले, आरंभी तो आईबापांना छळणारा होता हे सांगून पश्चात्तापाचा बोधही काढला. पण तिचा अर्धा भार त्या थांबणाऱ्यावर आहे. ज्याची सत्ता चालते त्याने खोळंबून राहण्याचे मान्य केले नसते तर पुंडलिकाची सेवा त्या घटकेलाच संपली असती. मानेसरच्या मुलाला पुंडलिक व्हायला सांगणारे पुष्कळ आहेत. विटेवर कोणी उभे राहायचे, हे कोणी बोलत नाही.

कारखान्याच्या कायद्याला थांबणे मुळीच ठाऊक नाही असे नव्हे. अर्भकासाठी तो थांबतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमात पाळणाघराचे कलम होते; २०१७ पासून प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली; केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी सेवेच्या कालावधीत ७३० दिवस मिळतात. जन्माच्या टोकाला मनुष्य परावलंबी असतो हे राज्याने मान्य केले आहे. दुसऱ्या टोकाला तो तितकाच परावलंबी होतो, याचा मागमूस रजेच्या नियमांत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी रजेची काही तरतूद आहे काय असा प्रश्न आला, तेव्हा उत्तर मिळाले की वर्षाकाठच्या तीस दिवसांच्या अर्जित रजेसह ज्या रजा आहेत त्या कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी, याही कारणासाठी, घेता येतात. म्हणजे आईचे पक्षाघाताचे दुखणे आणि महाबळेश्वरची सहल एकाच खाती. आणि हे सरकारी नोकराचे. कारखान्यातल्या कामगाराला वीस दिवस कामामागे एक दिवस, तोही आगाऊ सूचना देऊन. आई मात्र आगाऊ सूचना देऊन पडत नाही. मानेसरच्या २०११-१२ च्या कामगार-असंतोषाची कारणे अनेक होती, पण रजा घेतल्याबद्दल कापल्या जाणाऱ्या भत्त्याची तक्रार त्यांत ठळक होती, हे येथे विसरता येत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या, तेव्हा सामाजिक सुरक्षा संहितेतील एका तरतुदीचे कौतुक झाले: स्त्री-कर्मचाऱ्याच्या ‘कुटुंबा’त आता तिचे अवलंबित सासूसासरेही धरले जातील. तरतूद हिताची आहे, लाभ अधिक माणसांपर्यंत पोहोचेल. पण पुरुष-कर्मचाऱ्याच्या कुटुंबात त्याच्या सासूसासऱ्यांना तशी जागा मिळालेली नाही. म्हातारी माणसे कोणाच्या हाती पडतात, हे कायद्याला पूर्वीही माहीत होते. आता त्याने ते लिहून ठेवले इतकेच.

मानेसरच्या कित्येक कारखान्यांचे मूळ जपानात आहे. कायझेन, पोका-योके, हवा तेव्हा हवा तितकाच माल आणणारी पुरवठ्याची पद्धत, सकाळची कवायत, या साऱ्या गोष्टी तेथून आल्या आणि आपल्या माणसांनी त्या कसोशीने आत्मसात केल्या. त्याच देशातून आणखी एक गोष्ट यायची राहून गेली. जपानमध्ये चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाला २००० सालापासून शुश्रूषा-विम्याचा हप्ता भरावा लागतो. निधीचा अर्धा भाग हप्त्यांतून आणि अर्धा करांतून येतो आणि वृद्धाच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या माणसाच्या खर्चाचा बहुतांश त्यातून भागतो, कुटुंबाला सामान्यतः दहा टक्के द्यावे लागतात. नोकरदाराला एकेका वृद्ध नातलगामागे ९३ दिवसांची रजा, तीन भागांत तोडून घेता येते, आणि त्या काळात रोजगार-विम्यातून वेतनाच्या ६७ टक्के मिळतात. शिवाय डॉक्टरकडे नेण्या-आणण्यासाठी वर्षाला पाच दिवस, दोन वृद्ध असतील तर दहा. ९३ दिवसांत कोणी आईचे सारे म्हातारपण काढील अशी कल्पना त्यात नाही. व्यवस्था लावायला, माणूस शोधायला, घरातला उंबरठा काढून संडासात दांडा बसवायला, आणि पुढे अखेरच्या आठवड्यांत जवळ असायला तो वेळ आहे. जपानी माणसाची मातृपितृभक्ती आपल्यापेक्षा उणी असल्यामुळे त्यांना कायद्याची गरज पडली, असे कोणी म्हणेल तर त्याला त्या समाजाची माहिती नाही एवढेच म्हणता येईल.

तरीही तेथे सारे आलबेल नाही. दर वर्षी सुमारे एक लाख माणसे आईबापांना सांभाळण्यासाठी नोकरी सोडतात आणि हक्काची रजा मागायला पुष्कळ जण कचरतात. मुकादमाच्या भुवया हा कायद्याहून बलवान नियम सर्वत्र आहे. रजेने अर्धेच काम होते, हे त्यावरून मान्य केले पाहिजे.

कारखानदार म्हणतील, आम्ही आधीच भविष्यनिधी भरतो, राज्य विमा भरतो, आता म्हाताऱ्यांचाही भार आमच्यावर कशाला? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा खर्च एकेका मालकावर न पडता विमा-निधीवर पडावा. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला. त्यात अवलंबित आईवडिलांचा उपचार समाविष्ट आहेच, मानेसरमध्ये त्याचे रुग्णालयही आहे. आईच्या उपचाराला जो निधी पैसे देतो त्याने आईपाशी बसणाऱ्या मुलाच्या बुडालेल्या रोजाला द्यावेत, ही पुढली पायरी आहे, नवे मंदिर बांधणे नव्हे. अडचण एवढीच की त्या विम्याची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर थबकली आहे आणि कायम झालेला कामगार तिच्या बाहेर पडतो. गैरवापराची भीती दाखविली जाते. प्रसूतीचा बनाव करता येत नाही, म्हातारपणाचा करता येईल, असे म्हणतात. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आपल्या राज्यात शेकडो कारणांसाठी चालतो. याही कारणासाठी चालावा, आणि काही लबाड सुटले तर सुटावेत.

वृद्धाश्रमाविषयी मला थोडकेच म्हणायचे आहे. ज्याला परवडते त्याच्यासाठी पुण्याच्या अथश्रीपासून मानेसरशेजारच्या भिवाडीपर्यंत ज्येष्ठांच्या वसाहती झाल्या आहेत आणि तेथे राहणारी कित्येक माणसे आपल्या मुलांपेक्षा अधिक रमलेली दिसतात. तो त्यागही नाही आणि अपराधही नाही. मात्र चालताफिरता वृद्ध हा त्या वसाहतींचा रहिवासी असतो; तो अंथरुणाला खिळला, स्मृती गेली, की पुन्हा प्रश्न माणसाच्या तासांपाशी येतो, मग ते तास आश्रमातले असोत की घरातले.

आणि ते तास आज कोण देत आहे? मुलाने रजा मिळत नाही म्हणून, सुनेने नोकरी सोडायची नाही म्हणून (आणि तिने ती का सोडावी?), एजन्सीकडून बाई ठेवली. पुण्यात, कराडला, कोल्हापुरात अशा बायका मराठवाड्यातून, सोलापूरकडून येतात. मानेसर-गुरुग्रामला झारखंड, बंगाल, ओडिशातून. बारा तास किंवा चोवीस तास, असे त्यांचे दोनच हिशेब. चोवीस तासवालीने रात्री म्हातारीच्या पलंगाखाली सतरंजी टाकायची आणि हाक आली की उठायचे. दरमहा ठरलेल्या रकमेतून एजन्सीने आपला वाटा कापून घ्यायचा. आजारी पडली तर त्या दिवसाचे नाही. वर वर्णिलेला सारा दिवस, कवळीपासून “मला घरी सोड”पर्यंत, ती पार पाडते, आणि आपण तिला घरातलीच समजतो, याचा अर्थ तिच्याशी करार करीत नाही. तिलाही कोठेतरी आई आहे. सणाला चार दिवस गावी गेलेली बाई दहा दिवस आली नाही म्हणून मानेसरहून फोन करणाऱ्या मुलाला पलीकडून उत्तर येते, “दादा, आई पडली माझी, दुसरं बघायला कोणी नाही”. आणि त्या क्षणी त्याला सहानुभूती वाटण्याआधी, उद्यापासून काय, हाच विचार येतो. त्याचा दोष नाही. पण अभियंत्याला ९३ दिवस मिळवून देणारा कायदा उद्या झाला आणि त्यात कायम कामगार, आस्थापना, वेतनपट असेच शब्द राहिले, तर कंत्राटी कामगार त्यातून निसटेल आणि ही बाई तर त्याच्या आसपासही दिसणार नाही. शुश्रूषा-निधी उभारायचाच असेल तर त्याच्या पहिल्या नोंदवहीत तिचे नाव यावे: तिचे तास मोजले जावेत, तिची साप्ताहिक सुट्टी ठरावी, तिच्या प्रशिक्षणाला आणि वेतनाला निधीतून भर पडावी, आणि ती आपल्या आईसाठी गावी गेली तर तिच्या जागी दुसरी पाठविण्याची व तिचा रोज चालू ठेवण्याची तजवीज असावी. मुलाच्या रजेचे कलम त्यानंतर आले तरी चालेल.